गर्भपाताचा कायदा : कितवा आठवडा, कुणाची सही, कोणता फॉर्म

निशिगंध (धागालेखक)

नवऱ्याची सही आणल्याशिवाय केस घेणार नाही, असं सांगून बाईला परत पाठवणारे दवाखाने आजही आहेत, शहरातही आणि तालुक्यालाही. गर्भपाताच्या कायद्यात नवऱ्याच्या सहीची अट १९७१ साली नव्हती, २०२१च्या दुरुस्तीतही नाही. सज्ञान बाईची स्वतःची लेखी संमती पुरते. एफआयआर आणा, आधार आणा, कोर्टाची ऑर्डर आणा, सासूला सोबत आणा, या अटीही अशाच कायद्याच्या नावावर खपवल्या जातात. एकेका नकारात आठवडा जातो, आणि या कायद्यात सगळं आठवड्यांवर ठरतं. १८व्या आठवड्यात एका डॉक्टरच्या मतावर होणारं काम अशा चकरांमध्ये २५व्या आठवड्यात मेडिकल बोर्डासमोर (सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीसमोर) किंवा हायकोर्टात जाऊन पडतं.

आधी चौकट समजून घेऊ. भारतात गर्भपात हा मुळात फौजदारी गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेत कलम ३१२ ते ३१६ होती, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत तीच ८८ ते ९२ झाली. त्या गुन्ह्याला अपवाद करणारा कायदा म्हणजे वैद्यकीय गर्भपात कायदा, १९७१, ज्याला सगळे 'एमटीपी अ‍ॅक्ट' म्हणतात. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने १९६४ साली समिती नेमली होती, तिच्या १९६६च्या अहवालावर हा कायदा उभा आहे. अंमल १ एप्रिल १९७२पासून. २००२ साली मोठी दुरुस्ती, २००३चे नियम, मग २०२१ची दुरुस्ती (लागू २४ सप्टेंबर २०२१) आणि १२ ऑक्टोबर २०२१चे सुधारित नियम.

आजची स्थिती अशी:

२० आठवड्यांपर्यंत : एका पात्र डॉक्टरचं मत. कारणं दोन प्रकारची. गरोदरपण चालू ठेवल्याने बाईच्या जिवाला धोका किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला गंभीर इजा, नाहीतर बाळात गंभीर व्यंग असण्याची ठोस शक्यता. गर्भनिरोधक फसल्यामुळे राहिलेलं गरोदरपण मानसिक इजेत धरलं जातं. पूर्वी तिथे 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असे शब्द होते, २०२१पासून 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' आहे.

२० ते २४ आठवडे : दोन पात्र डॉक्टरांचं मत, आणि नियम ३बमधल्या गटांसाठीच (बलात्कार, अल्पवयीन, बाळात व्यंग वगैरे).

२४ आठवड्यांनंतर : बाळात गंभीर व्यंग असल्याचं निदान मेडिकल बोर्डाने केलं तर.

जीव वाचवण्यासाठी तातडीने गरज असेल तर (कलम ५) : आठवड्यांची मर्यादा नाही, दुसऱ्या डॉक्टरचं मत नको, मान्यताप्राप्त केंद्राचीही अट नाही.

ज्यांना या क्षेत्राची माहिती आहे त्यांनी भर घालावी. कुणाची ओळख पटेल असं काही लिहू नका, ही विनंती.

---

कलमदान

चांगला धागा. फौजदारी बाजू थोडी उलगडतो, कारण डॉक्टरांची भीती तिथून येते.

न्याय संहितेच्या कलम ८८प्रमाणे गर्भपात घडवून आणल्यास ३ वर्षांपर्यंत आणि गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतर केल्यास ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि स्वतःचा गर्भपात करणारी बाईसुद्धा त्यात येते. बाईच्या संमतीशिवाय केला तर कलम ८९, शिक्षा १० वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. याखेरीज एमटीपी कायद्याचं स्वतःचं कलम ५ आहे : पात्रता नसलेल्या माणसाने केला, किंवा मान्यता नसलेल्या जागी केला, तर किमान २ आणि कमाल ७ वर्षं सक्तमजुरी. जागेचा मालकही यात अडकतो.

म्हणजे डॉक्टरला तीन गोष्टी दाखवता आल्या पाहिजेत : मी पात्र आहे, जागा मान्यताप्राप्त आहे, मत सद्भावनेने दिलं आहे. या तिन्ही असतील तर एमटीपी कायद्याच्या कलम ८चं संरक्षण मिळतं. नवऱ्याची सही या तिन्हींपैकी कशातच बसत नाही. ती घेतल्याने डॉक्टरचा बचाव तसूभरही भक्कम होत नाही. उलट बाईच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याला कळवलं तर कलम ५अ मोडतं. बाईचं नाव-तपशील कायद्याने अधिकृत व्यक्तीखेरीज कुणालाही उघड केले तर १ वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

---

सह्यकडा

'पात्र डॉक्टर' म्हणजे नेमकं कोण? आमच्याकडे बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर सर्रास करतात असं ऐकतो.

---

डॉ_रेवा

@सह्यकडा, ते बेकायदा आहे, यात दुमत नको. राज्याच्या मेडिकल रजिस्टरवर नाव असलेला, म्हणजे किमान एमबीबीएस, आणि वर नियम ४मधला अनुभव. बीएएमएस, बीएचएमएस यात येत नाहीत. २०१७ साली मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एका बाईचा जीव गेला आणि १९ अर्भकांचे अवशेष सापडले, तिथे दवाखाना चालवणारा होमिओपॅथ होता.

एमबीबीएस डॉक्टरला १२ आठवड्यांपर्यंत करता येतो, पण त्याने मान्यताप्राप्त रुग्णालयात २५ केसेसमध्ये मदत केलेली हवी आणि त्यातल्या किमान ५ स्वतंत्रपणे केलेल्या हव्यात. स्त्रीरोग विभागात सहा महिने हाउसमनशिप (निवासी डॉक्टर म्हणून काम) केलेली असेल तर तीही चालते. नुसत्या गोळ्यांनी ९ आठवड्यांपर्यंत करायचा असेल तर देखरेखीखाली १० केसेसचा अनुभव पुरतो, ही २०२१ची भर आहे. स्त्रीरोगतज्ज्ञाला २४ आठवड्यांपर्यंत.

कलम ५च्या आणीबाणीत मात्र स्त्रीरोगातल्या अनुभवाची अटही गळून पडते. रक्तस्राव थांबत नाही, गर्भपिशवीत जंतुसंसर्ग पसरला आहे, रक्तदाब जिवावर बेतला आहे, अशा वेळी ग्रामीण रुग्णालयातल्या एमबीबीएस डॉक्टरने थांबायचं कारण नाही. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं : जीव वाचवण्याची तातडी असेल तर कोर्टाच्या परवानगीसाठी थांबण्याची गरज नाही. तरी रेफर चिठ्ठी लिहून अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसवणं हाच अनेकांचा पहिला विचार असतो. त्याने माणसं दगावतात.

---

शेवंती

आठवडे मोजायचे कसे? पाळीच्या तारखेने एक येतं आणि सोनोग्राफीत दुसरं. दवाखाने जे जास्त असेल ते धरतात.

---

डॉ_रेवा

हाच सगळ्यात जास्त घोळाचा भाग आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. संबंध आला त्या दिवसापासून किंवा पाळी चुकली त्या दिवसापासून नाही. पाळी नियमित नसेल किंवा तारीख आठवत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सगळ्यात भरवशाची. तेव्हा बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजतात, त्यात फरक साधारण ५ ते ७ दिवसांचाच राहतो. दुसऱ्या तिमाहीत तो १०-१४ दिवसांवर जातो, तिसऱ्यात तीन आठवड्यांपर्यंत. एकदा सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून तारीख ठरली की पुढच्या कुठल्याही सोनोग्राफीने ती बदलायची नसते. म्हणून पहिला रिपोर्ट जपून ठेवा, फिल्म हरवली तरी कागद हवा.

व्यंग असलेल्या बाळात एक खास फसगत होते. बाळाच्या डोक्यात पाणी झालेलं असेल तर डोक्याचं माप मोठं येतं. मशीन डोकं, पोट आणि मांडीचं हाड यांची सरासरी काढून आठवडे छापतं. मग प्रत्यक्षात २३ आठवडे असलेली केस कागदावर २५ दिसते आणि दोन डॉक्टरांच्या मतावर होणारं काम बोर्डाकडे जातं. उलट वाढ खुंटलेल्या बाळाचे आठवडे कमी दिसतात. रिपोर्टवरचा सरासरी आकडा बघून थांबू नका. सोनोलॉजिस्टला 'आधीच्या तारखेनुसार आठवडे' असं वेगळं लिहायला सांगा.

आता वेळेचं गणित. व्यंग शोधण्याची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत होते. समजा १९ आठवडे ४ दिवसांना शंका आली. दुसरं मत घ्यायला आठवडा गेला, २०+४. पोटातलं पाणी काढून गुणसूत्रं तपासायला दिली २१+०ला. पेशी वाढवून करायच्या तपासणीचा रिपोर्ट दोन-तीन आठवड्यांनी येतो, म्हणजे २३ ते २४. हातात फार तर आठवडा उरला, त्यात एक रविवार. म्हणून पाणी काढतानाच लवकर रिपोर्ट देणारी तपासणी (फिश किंवा क्यूएफ-पीसीआर) सोबत मागायची. तिचा रिपोर्ट काही दिवसांत येतो आणि २१, १८, १३ या गुणसूत्रांचे नेहमीचे दोष त्यात कळतात. मुळात ११ ते १३ आठवडे ६ दिवस या काळातली एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी) चुकवली नाही तर बऱ्याच गोष्टी तिथेच लक्षात येतात.

आणखी एक. २० ते २४ आठवड्यांत व्यंग आढळलं तर बोर्ड लागत नाही. दोन पात्र डॉक्टर, फॉर्म ई (त्यांच्या मताचा फॉर्म), काम सुरू. तरी मोठी रुग्णालयंसुद्धा 'बोर्डाची तारीख घ्या' म्हणतात. तिथे नियम ३ब दाखवा.

---

निशिगंध

नियम ३बचे गट इथे एकत्र देते, म्हणजे शोधत बसायला नको : बलात्कार, लैंगिक अत्याचार किंवा जवळच्या नात्यातल्या अत्याचारातून राहिलेली गर्भधारणा, १८ वर्षांखालील मुली, गरोदर असताना वैवाहिक स्थिती बदललेल्या स्त्रिया (वैधव्य, घटस्फोट), २०१६च्या दिव्यांग कायद्याच्या निकषांनुसार मोठं शारीरिक अपंगत्व असलेल्या, मनोरुग्ण किंवा मतिमंद, बाळात जगण्याशी विसंगत किंवा गंभीर अपंगत्व आणणारं व्यंग, आणि सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीत किंवा आणीबाणीत सापडलेल्या स्त्रिया.

---

मांडवीतीर

अविवाहित मुलगी, २२ आठवडे, जोडीदाराने हात वर केले. ती या यादीत कुठेच दिसत नाही. मग?

---

कलमदान

बसते. सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २०२२चा निकाल, न्या. चंद्रचूड, न्या. बोपन्ना आणि न्या. पारडीवाला यांचं पीठ. वैवाहिक स्थितीतला बदल हा गट फक्त विवाहितांपुरता ठेवणं समानतेच्या हक्काला धरून नाही, असं त्यात म्हटलं. नियमाचा रोख बाईच्या परिस्थितीत झालेल्या बदलावर आहे, त्यामुळे जोडीदाराने सोडून दिलेली अविवाहित स्त्रीही २४ आठवड्यांपर्यंत यात येते. त्याच निकालात आणखी दोन महत्त्वाच्या गोष्टी आहेत. एक, या कायद्यापुरता 'बलात्कार' या शब्दात नवऱ्याने केलेला बलात्कारही धरायचा, आणि त्यासाठी खटला किंवा गुन्हा सिद्ध होण्याची वाट बघायची नाही. दोन, कायद्यात नसलेल्या अटी घालणाऱ्या डॉक्टरांवर न्यायालयाने स्पष्ट नापसंती नोंदवली आहे.

दवाखान्यात वाद घालण्यापेक्षा या निकालाची छापील प्रत आणि नियम ३ब अशी दोन-चार पानं फाइलला लावून द्या. डॉक्टरला तोंडी युक्तिवाद नको असतो. उद्या चौकशी झाली तर दाखवायला कागद हवा असतो.

एफआयआरबद्दलही लिहून ठेवतो. सज्ञान बाईने बलात्कारातून गर्भधारणा झाल्याचं सांगितलं की गर्भपातासाठी ते पुरतं. कायद्यात किंवा नियमांत एफआयआरची अट नाही.

---

शेवंती

अल्पवयीन मुलींचं काय? पोक्सोमुळे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) डॉक्टर हात लावत नाहीत. १७ वर्षांची मुलगी स्वतःच्या इच्छेने संबंधात असेल आणि आई घेऊन आली असेल तरी पोलिसात जावंच लागतं ना?

---

कलमदान

पोक्सोखाली १८ वर्षांखालच्या मुलीची संमती ग्राह्य नाही, आणि कलम १९प्रमाणे माहिती मिळालेल्या प्रत्येकाने, डॉक्टरनेही, पोलिसांना कळवायचं असतं. न कळवल्यास कलम २१खाली ६ महिन्यांपर्यंत कैद. या भीतीने कुटुंबं भोंदूंकडे जातात हे न्यायालयाच्या लक्षात आलं होतं. म्हणून २०२२च्याच निकालात मधला मार्ग दिला : मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना मुलीचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील द्यायचे नाहीत, आणि पुढच्या फौजदारी कारवाईतही ते उघड करण्याची डॉक्टरवर सक्ती नाही. कळवणं राहतं, नाव राहत नाही. विनंती लेखी घ्या, तारीख टाका, केसपेपरला लावा.

संमती पालकाची. पण 'पालक' या शब्दाची कायद्यातली व्याख्या रुंद आहे : मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती. आईवडीलच हवेत असं नाही. वडील गावी आहेत म्हणून आजीने आणलेल्या मुलीला थांबवून ठेवणं चूक आहे.

---

डॉ_रेवा

यात वैद्यकीय बाजूने होणारी एक चूक : गुन्हा नोंदलेला असेल तर गर्भाचे अवशेष डीएनए तपासणीसाठी पोलिसांना द्यायचे असतात, आणि थिएटरमधले लोक सवयीने ते फॉर्मॅलीनमध्ये टाकतात. फॉर्मॅलीनने डीएनए खराब होतो. स्वच्छ बरणीत, फॉर्मॅलीन न घालता, बर्फावर, सील करून, लेबल लावून, पोलिसांची पोच घेऊन द्या. गुन्ह्याशी संबंध नसलेल्या केसमध्ये अवशेष जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातात.

मतिमंद आणि मनोरुग्ण यांच्या संमतीत फरक आहे, तोही इथेच सांगते. पालकाची संमती अल्पवयीन आणि मनोरुग्ण स्त्रीसाठी. सज्ञान पण मतिमंद स्त्रीची संमती तिचीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली चंदीगडच्या प्रकरणात ठरवलं आहे. नातेवाइकांची सही घेऊन काम उरकणं तिथे चालत नाही.

---

दप्तर_तपासनीस

रुग्णालयाच्या नोंदींबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि तपासणीत पकडले जातात ते तिथेच. खासगी नर्सिंग होम चालवणाऱ्यांसाठी लिहितो.

जागेची मान्यता : सरकारी रुग्णालयाला वेगळी मान्यता लागत नाही. खासगीला फॉर्म ए भरून जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करावा लागतो. समिती ३ ते ५ जणांची असते आणि त्यात एक स्त्री सदस्य लागतेच. तपासणी अर्जापासून दोन महिन्यांत व्हायला हवी, प्रमाणपत्र त्यापुढच्या दोन महिन्यांत, आणि त्रुटी निघाल्या तर त्या भरून काढल्यापासून दोन महिन्यांत. मान्यता मिळाल्याचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म बी, तो दर्शनी भागात लावायचा. १२ आठवड्यांपर्यंतच्या मान्यतेला टेबल, पुनरुज्जीवनाची आणि निर्जंतुकीकरणाची साधनं, शॉकवर उपचारांची औषधं आणि सलाइन, रुग्ण हलवण्याची सोय लागते. त्यापुढे ऑपरेशन थिएटर आणि भुलीची साधनं, २० ते २४साठी सोनोग्राफीही. १२पर्यंतची मान्यता असताना १४ आठवड्यांची केस केली तर ती मान्यता नसलेल्या जागी केल्यासारखीच धरली जाते. याची कल्पना बऱ्याच मालकांना नसते.

प्रत्येक केसचे कागद : फॉर्म सी म्हणजे बाईची संमती. फॉर्म १ म्हणजे डॉक्टरचं मत, आणि गर्भपात झाल्याची नोंद त्यात ३ तासांच्या आत करायची. २० ते २४ असेल तर फॉर्म ई, बोर्डाचा अहवाल फॉर्म डी. फॉर्म १ आणि सी पाकिटात घालून सील करायचे, पाकिटावर अनुक्रमांक टाकायचा आणि 'गोपनीय' लिहायचं. फॉर्म ३ म्हणजे दाखल-नोंदवही. तिचा अनुक्रमांक दर १ जानेवारीला एकपासून सुरू होतो आणि पुढे वर्ष येतं, जसं ७/२०२५. फॉर्म २ हा दर महिन्याचा सरकारकडे जाणारा अहवाल, त्यात नावं नसतात, फक्त संख्या.

सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हा : दाखल-नोंदवहीखेरीज कुठेही, केसपेपर, थिएटर रजिस्टर, फॉलोअपचं कार्ड, कशावरही बाईचं नाव लिहायचं नाही. फक्त अनुक्रमांक. प्रत्यक्षात थिएटर रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं असतं, त्यात नाव, गाव, आणि शेवटच्या रकान्यात 'एमटीपी'. गाव लहान असेल तर संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचते.

पाकिटातले कागद गर्भपाताच्या तारखेपासून ३ वर्षं जपायचे, नोंदवही शेवटच्या नोंदीपासून ५ वर्षं. कोर्टात प्रकरण चालू असेल तर न्यायाधीश सांगतील तोपर्यंत. आधार कार्डाची झेरॉक्स यातल्या कुठल्याच फॉर्ममध्ये मागितलेली नाही.

---

सह्यकडा

गोळ्यांबद्दल? मेडिकलमध्ये विचारलं तर 'ठेवत नाही' सांगतात, आणि तीच गोळी मागच्या दाराने तिप्पट किमतीला मिळते.

---

औषधी_काउंटर

संच असा असतो : मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि मिसोप्रोस्टॉल २०० मायक्रोग्रॅमच्या चार. दोन्ही शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री गुन्हा. चिठ्ठी असेल तर विकणं कायदेशीर आहे. पण २०११-१२नंतर राज्यात या संचाच्या विक्रीची तपासणी इतकी कडक झाली की बऱ्याच दुकानदारांनी माल ठेवणंच सोडलं. वैध चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईलाही चार दुकानं फिरावी लागतात. हे धोरण चुकलं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. या गोळ्या ९ आठवड्यांपर्यंतच वापरायच्या असतात, आणि तेव्हा सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसतच नाही. लिंगनिवडीला आळा घालायचा म्हणून गोळ्या अडवण्यात काही अर्थ नाही.

दुसरा घोटाळा : ७२ तासांच्या आत घ्यायची आपत्कालीन गोळी ही गर्भपाताची गोळी नव्हे. ती गर्भधारणा होऊ नये म्हणून असते आणि राहिलेल्या गर्भावर तिचा परिणाम होत नाही. पाळी चुकल्यावर ती घेऊन महिनाभर निर्धास्त राहणाऱ्या मुली आहेत. काउंटरवरच्या माणसाने एवढं विचारलंच पाहिजे : पाळी चुकली आहे का?

---

डॉ_रेवा

गोळ्या स्वतःच्या मनाने का घेऊ नयेत, त्याची कारणं नेमकी आहेत. गर्भ गर्भपिशवीऐवजी नळीत असेल तर या गोळ्यांनी काही होत नाही. थोडा रक्तस्राव होतो, बाईला वाटतं झालं, आणि नळी आतून फुटते. कॉपर-टी आत असेल तर आधी काढावी लागते. रक्त पातळ करणारी औषधं किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असेल, हिमोग्लोबिन ८च्या खाली असेल तर गोळ्यांची पद्धत वापरत नाहीत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, ते दुकानातून गोळ्या घेणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही.

देखरेखीखाली क्रम असा : पहिल्या दिवशी तपासणी आणि मिफेप्रिस्टोन, तिसऱ्या दिवशी मिसोप्रोस्टॉल, पंधराव्या दिवशी पुन्हा तपासणी. पंधराव्या दिवसाची भेट चुकवू नका. काहींचा गर्भ अर्धवट राहतो, मोजक्या जणींचा वाढतच राहतो आणि अशा गर्भात व्यंगाचा धोका असतो. मग पिशवी साफ करावी लागते. ती आता एमव्हीएने, म्हणजे हाताच्या सिरिंजने ओढून करतात, क्युरेट घालून खरवडणं जुनं झालं. लघवीच्या चाचणीवर या काळात विसंबू नका, ती काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते. तासाला दोन मोठी पॅड भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललं, ताप उतरत नाही, चक्कर येते, तर रात्र काढू नका, थेट सरकारी रुग्णालय गाठा. अर्धवट गर्भपाताचा उपचार नाकारता येत नाही, गोळी कुठून घेतली ते काहीही असो.

गोळ्या देणाऱ्या डॉक्टरचं स्वतःचं क्लिनिक मान्यताप्राप्त नसलं तरी चालतं. फक्त मान्यताप्राप्त केंद्राशी जोडणी असल्याचं त्या केंद्राच्या मालकाचं प्रमाणपत्र क्लिनिकमध्ये लावलेलं हवं.

---

मांडवीतीर

पण लिंगनिवडीचा प्रश्न खरा आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. मोकळीक दिली तर काय होईल?

---

निशिगंध

प्रश्न खराच आहे, आणि त्यासाठी वेगळा कायदा आहे. गर्भलिंगचाचणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४चा. गुन्हा तिथे घडतो जिथे सोनोग्राफीच्या खोलीत लिंग सांगितलं जातं. तपासणीही तिथेच हवी : फॉर्म एफ (गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद), मशीनची नोंदणी, रेफर चिठ्ठ्या. सध्या उलटं होतं. मशीनवर पुरावा मिळणं अवघड, म्हणून १२ आठवड्यांवरच्या प्रत्येक गर्भपाताकडे संशयाने बघितलं जातं, आणि खासगी डॉक्टर दुसऱ्या तिमाहीच्या केसेस घेणंच बंद करतात. त्यांनी नाकारलेल्या बायका म्हैसाळसारख्या ठिकाणी पोचतात. यात मुली वाचत नाहीत, बायका मात्र मरतात.

---

शेवंती

२४च्या पुढे गेलं तर नेमकं करायचं काय? कुणाकडे जायचं?

---

कलमदान

बोर्डात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट किंवा सोनोलॉजिस्ट असतात, सरकारने नेमलेले इतरही असू शकतात. महाराष्ट्रात ही बोर्डं मोठ्या सरकारी रुग्णालयांत बसतात, मुंबईत जे.जे., पुण्यात ससून. नियम ३अ सांगतो की अर्ज मिळाल्यापासून ३ दिवसांत मत आणि ५ दिवसांत प्रत्यक्ष गर्भपात. म्हणून अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, त्यावर तारीख आणि वेळ असू द्या. पोच नसेल तर तीन दिवस कधी सुरू झाले हेच सिद्ध होत नाही. सोबत सगळे सोनोग्राफी रिपोर्ट (पहिलासुद्धा), जनुकीय तपासणी, बाळाच्या हृदयाची शंका असेल तर फीटल इको, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी.

व्यंग नसेल, म्हणजे बलात्कारित किंवा अल्पवयीन असून २४ उलटले असतील, तर बोर्डाला स्वतःहून परवानगी देता येत नाही. मग उच्च न्यायालयात रिट याचिका : मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्याचं खंडपीठ, किंवा २०२५पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच. सुट्टीतही तातडीने मेन्शन करता येतं, म्हणजे लगेच सुनावणी घ्या अशी न्यायाधीशांना विनंती करता येते. नाव झाकून 'एक्सवायझेड' लिहून दाखल करतात. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

निकाल कुठे झुकेल हे सांगता येत नाही. २००८ साली डॉ. निखिल दातार आणि एक दांपत्य मुंबई उच्च न्यायालयात गेले होते, बाळाच्या हृदयात दोष होता, आठवडे तेव्हाच्या २०च्या मर्यादेपलीकडे. नकार मिळाला, कायदा बदलायला पुढे तेरा वर्षं लागली. जानेवारी २०२३मध्ये त्याच न्यायालयाने ३२ आठवड्यांच्या पुढे, बोर्डाचं मत विरोधात असताना परवानगी दिली आणि निर्णय बाईचा आहे, बोर्डाचा नाही, असं म्हटलं. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहित स्त्रीला २६ आठवड्यांना नकार दिला, कारण बाळात व्यंग नव्हतं आणि आईच्या जिवाला तातडीचा धोकाही नव्हता. एप्रिल २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या १४ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात आधी शीवच्या रुग्णालयात गर्भपाताचा आदेश झाला, मग आठवडाभरात पालकांचं मत बदलल्यावर तो मागे घेतला. पण त्या निकालातली एक गोष्ट कायम आहे : बोर्डाने नुसतं व्यंग बघून थांबायचं नाही, गरोदरपण चालू ठेवल्याने मुलीच्या शरीरावर आणि मनावर काय परिणाम होईल त्यावरही मत द्यायचं. बोर्डाचा अहवाल दोन ओळींचा असेल आणि यावर गप्प असेल, तर याचिकेत तोच मुद्दा पहिला घ्या.

---

मांडवीतीर

तुरुंगातल्या स्त्रीला हे सगळं लागू आहे का?

---

निशिगंध

आहे. भायखळा तुरुंगातल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली स्वतःहून दखल घेऊन ते स्पष्ट केलं. कच्च्या कैदेतली असो वा शिक्षा झालेली, आठवड्यांच्या मर्यादा त्याच आणि संमती तिचीच. तिने गर्भपाताची इच्छा सांगितली की कारागृहाच्या डॉक्टरने तिला सरकारी रुग्णालयात पाठवायचं. एस्कॉर्टला पोलीस नाहीत म्हणून तारीख पुढे ढकलली जात असेल, तर त्या दिवशीच अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, त्यात आजचे आठवडे आणि २० किंवा २४ पूर्ण होण्याची तारीख ठळक लिहा, आणि एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पाठवा.